दुखवट्याच्या वर्षातली भुतं

एकतीस ऑक्टोबरला, अंधार पडायच्या सुमारास, मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या आमच्या घराच्या पोर्चचा दिवा लागला आणि सासऱ्यांनी नानकटाईच्या भुतांचा ट्रे शेजारच्या घरापुढच्या गाडीच्या वाटेवर, ड्राइव्हवेत, नेऊन ठेवला. सासूबाई त्याच वर्षी मार्चमध्ये गेल्या होत्या. हा ट्रे घराबाहेर जाऊ नये असं म्हणणारी माणसं घरातही होती आणि बाहेरही. जवळजवळ सगळा ऑक्टोबर त्या वादात गेला.

घरातलं माणूस गेलं की पुढचं वर्षभर सण करायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. दिवाळीत आकाशकंदील नाही, रांगोळी नाही, तळण नाही. तळण नाही याचा अर्थ कढईच चढवायची नाही. फराळ ओळखीपाळखीची माणसं आपापल्या घरून आणून देतात आणि दुःखाच्या घरातल्यांनी तो खायचा. मिशिगनमध्ये ही रीत पुण्यापेक्षा कमी पाळली जाते असं कोणाला वाटत असेल, तर ते खरं नाही.

नवऱ्याने मार्चमध्येच पुण्याच्या आत्याला तसा शब्द दिला होता. आत्या ही सासऱ्यांची धाकटी बहीण. घरातल्या रीतीभातींत शेवटचा शब्द तिचा. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येत असे आणि चौकशीत सगळं येत असे: वर्षश्राद्धाचं ठरलं का, गुरुजी मिळाले का, पोरींनी गोडधोड तर केलं नाही ना. शब्द पाळला गेला. गणपती बसवले नाहीत. दसऱ्याला सोनं वाटलं नाही. पोरं भुताखेतांचे वेश घालून दारोदार खाऊ मागतात, त्या हॅलोविनचं आत्याने काही सांगितलं नव्हतं, कारण तिच्या यादीत तो दिवस नव्हताच.

सासूबाईंच्या यादीत तो होता. त्या ऐंशीच्या दशकात मिरजेहून इथे आल्या. सासरे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. मुलगा, म्हणजे माझा नवरा, बालवर्गात गेला तेव्हा शाळेतून निरोप आला की हॅलोविनच्या पार्टीला प्रत्येक आईने काहीतरी करून आणावं. दुसऱ्या एका आईने सोपी युक्ती सांगितली: बिस्किटावर एक मार्शमेलो, म्हणजे मऊ पांढरी साखरेची गोळी, ठेवायचा, त्याला डोळे काढायचे, झालं भूत. सासूबाईंनी पाकीट आणलं, घरी येऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि जिलेटिन म्हणजे काय ते सासऱ्यांना विचारलं. जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात, हे कळल्यावर पाकीट दुकानात परत गेलं. ते घर तेव्हाही शाकाहारी होतं, आजही आहे.

त्यांनी नानकटाईचं पीठ मळलं. गोळा जरा लांबट केला, वरून दाबला, खालच्या कडेला सुरीने झालर काढली. डोळ्यांच्या जागी लवंगा टोचल्या. मुलांनी नानकटाई खाल्ली आणि लवंगा थुंकल्या. पुढच्या वर्षी लवंगांच्या जागी चॉकलेटचे दाणे आले. महाराष्ट्र मंडळातल्या बायका त्यावरून त्यांची थट्टा करायच्या. त्यावर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं, ते मी स्वतः अनेकदा ऐकलं आहे: "हाडांचं भूत त्यांचं, तुपाचं माझं."

पुढे भुतांबरोबर चेटकिणीची बोटं आली. त्याच पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या, सांध्यांवर सुरीच्या रेघा आणि नखाच्या जागी भोपळ्याची बी. बदाम लावला तर नख जास्त चांगलं दिसतं, पण गल्लीत एका मुलाला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी होती. तो मुलगा आता शिकून नोकरीला लागला आहे. बी तशीच राहिली. मग ममी आल्या: बटाट्याच्या भाजीचा लांबट मुटका, त्याला पफ पेस्ट्रीच्या पट्ट्यांचं बँडेज आणि फटीतून डोकावणारे दोन मिरे. दारावर येणाऱ्या अनोळखी मुलांना इथे घरचं काही देत नाहीत, दिलं तर त्यांचे आईवडील घेऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी पाकिटातली चॉकलेटं असतात. सासूबाईंचा ट्रे गल्लीसाठी असे. त्या संध्याकाळी शेजारच्या ड्राइव्हवेत शेकोटी पेटते, सफरचंदाचा गरम रस असतो, आणि पोरं फिरून येईपर्यंत मोठी माणसं तिथे खुर्च्या टाकून बसतात.

माझी थोरली मुलगी दहा वर्षांची. तीन वर्षांची असल्यापासून स्टुलावर उभी राहून ती आजीबरोबर भुतांना डोळे लावत आली होती. धाकटी सहा वर्षांची, तिच्याकडे दाबायचं काम होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जेवताना थोरलीने विषय काढला. वडिलांना नाही, आजोबांना विचारलं.

"आबा, भुतं कधी करायची?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "या वर्षी नाही."

"का?"

"आजी गेली ना. एक वर्ष आपण सण करत नाही."

"हॅलोविन सण नाहीये. शाळेला सुट्टीपण नसते."

"आर्ग्यू करू नकोस."

"आय अ‍ॅम नॉट आर्ग्यूइंग. मी विचारतेय."

धाकटी भात चिवडत होती. ती म्हणाली, "आजी आता घोस्ट आहे का?"

भात चिवडता चिवडता तिने पुढचं विचारलं.

"मग ती येईल ना? पण आपला लाइट ऑफ असला तर तिला वाटेल, आपण नाहीये घरी."

नवरा उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि गॅरेजमध्ये गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. आबांनी भात संपवला, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेले. सासूबाई गेल्यापासून ते कोणत्याच बाबतीत हो किंवा नाही म्हणत नव्हते. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटपासून जेवायला काय करायचं इथपर्यंत त्यांचं उत्तर एकच असे: "तुम्ही ठरवा."

मी थोरलीच्या बाजूने होते, पण ते मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आई त्याची गेली होती.

थोरलीने वाद पुन्हा काढला नाही. तिने भोपळा कोरला, आतल्या बिया धुतल्या आणि पेपर टॉवेलवर पसरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. भोपळा शाळेतल्या सगळ्यांच्याच घरी असतो, त्याला कोणी हरकत घेतली नाही. बिया कशासाठी वाळवल्या जात होत्या, हे मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी त्या एका डब्यात भरून वरच्या फळीवर गेल्या. सकाळी पुन्हा खिडकीत आल्या. हे बरेच दिवस चाललं. बाप आणि मुलगी, दोघांनीही त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच आठवड्यात आले होते. आधीच्या शनिवारी काकू फराळाचे डबे घेऊन आल्या. काकू म्हणजे सासूबाईंची इथली सर्वांत जुनी मैत्रीण. मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाला दोघींनी मिळून शंभर माणसांची मसालेभाताची पातेली उतरवली होती. चिवडा, चकल्या, अनारसे आणि बेसनाचे लाडू, सगळं त्यांनी घरी केलेलं. आबा हॉलमध्ये बसले होते. काकूंनी डबे टेबलावर मांडले आणि खिडकीतल्या बियांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"हे कशाला?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"नखांना," ती म्हणाली. "विचेसच्या बोटांच्या."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, या वर्षीसुद्धा?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

"ठरवायचं काय त्यात? बाई गेली त्या घरात भुतंखेतं करायची? लोक काय म्हणतील? मंडळात आधीच कोणी कोणी विचारत होतं, यांच्याकडे या वर्षी पोरी हॅलोविनला निघणार का म्हणून."

"कोण विचारत होतं?" आबा म्हणाले.

मार्चनंतर त्यांनी कोणाला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. निदान माझ्या आठवणीत त्याआधीचा नाही.

"कोण म्हणजे, असंच. चार लोक."

"त्या चार लोकांना सांग, दिवाळी आम्ही करत नाही. तू चिवडा आणलास, तो मी खाणार. तुझ्या चकल्या कडक असतात, त्याही खाईन. पण ते भुतांचं दिवाळीत मोडत नाही."

"सण तो सणच."

"कुठल्या पंचांगात आहे?"

"भाऊजी, चेष्टा करू नका. मी तिच्यासाठीच बोलतेय."

"तिच्यासाठी?" आबा म्हणाले. "जवळजवळ चाळीस वर्षं ती भुतं करत होती. तू हसायचीस, आणि जाताना पर्समध्ये चार टाकून न्यायचीस. एकदा तुपाचे डाग पडले म्हणून पर्सच बदललीस. तेव्हा कोणी म्हटलं नाही, भरल्या घरात भुतं कशाला."

काकूंनी पर्स उचलली. मग म्हणाल्या, "चकल्या कडक नाहीत हां माझ्या." आणि चहा न घेता निघाल्या. डबे परत कधी न्यायचे, ते त्या सांगून गेल्या नाहीत.

संध्याकाळी नवरा बाहेरून आला तेव्हा आबा त्याची वाट बघत टेबलाशी बसले होते. मुली वर होत्या, पण जिन्याच्या वरच्या पायरीवर दोन्ही दिसत होत्या.

आबांनी विचारलं, "रीत काय आहे? कढई चढवायची नाही, हेच ना?"

"बाबा, सोडा ना."

"मी विचारतोय. कढई की ओव्हन?"

"कढई."

"मग ओव्हन लावू. तळण नाही, भाजणं आहे. रीत मोडत नाही."

"ही वकिली झाली."

"झाली तर झाली."

"आत्याला काय सांगू? मी शब्द दिलाय तिला."

"तिला सांग, बायको माझी गेली. काय करायचं, काय नाही, ते मी ठरवीन."

नवरा म्हणाला, "आई माझी गेली, बाबा."

आबांनी टेबलावरचा चकलीचा तुकडा उचलला, परत ठेवला. नवरा उभाच होता. तो म्हणाला की त्याला तो ट्रे बघायचा नाही. वास आला तरी त्याला चालणार नाही. सगळं घर नेहमीसारखं झालं की मग ती गेली, एवढंच राहतं. हे तो इंग्रजीत म्हणाला. अवघड गोष्टी तो इंग्रजीत बोलतो.

"नेहमीसारखं होणार नाहीच आहे," आबा म्हणाले. "ती नाही. भुतं वाकडीतिकडी होणार आहेत. पण पोरीच्या हातात आहे ते, अजून आहे. वर्षभर थांबलो तर जाईल. मला ते जाऊ द्यायचं नाही. तू रागाव, आत्याला रागावू दे, मंडळाला रागावू दे. मी करणार."

नवरा वर गेला. जिन्यावर दोघी मुली बाजूला सरकल्या.

तीस तारखेला शाळेतून आल्यावर काम सुरू झालं. आबांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलेलं नव्हतं, त्यामुळे सूत्रं थोरलीकडे होती. नानकटाई सोपी असते: मैदा, मूठभर रवा, पिठीसाखर, साजूक तूप, वेलची. अंडं नाही, दूध नाही. तूप आणि साखर हाताने फेसायचं, मैदा घालून गोळा करायचा, भाजायचं. प्रमाण सासूबाईंनी कुठे लिहिलेलं नव्हतं. थोरलीला ते तोंडपाठ होतं आणि तिने ते म्हणून दाखवलं: तुपाची एक वाटी, साखरेची एक वाटी, मैद्याच्या दोन वाट्या.

तिने मैदा आजीच्या स्टीलच्या वाटीने घेतला. तुपाच्या डब्यात मात्र मापाचा प्लॅस्टिकचा कप पडलेला होता, तूप त्याने घेतलं. इथला कप मिरजेच्या वाटीपेक्षा बराच मोठा असतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पीठ सैल वाटलं तेव्हा आबा म्हणाले, "तूप जास्त असलेलं चांगलंच." धाकटीने भुतं दाबली, थोरलीने डोळे लावले, ट्रे ओव्हनमध्ये गेला.

थोड्या वेळाने काचेतून बघितलं तर भुतं वितळून एकमेकांत मिसळली होती. ट्रेच्या चारही कडांपर्यंत एकच सपाट पोळी पसरली होती आणि तिच्यावर चॉकलेटचे डोळे जिकडेतिकडे बघत होते.

"दे आर ऑल डेड," धाकटी म्हणाली.

"भुतंच ती," आबा म्हणाले. "अजून काय मरणार?"

थोरलीला रडू फुटलं. सगळं आजीसारखं केलं, तरी असं का झालं, असं ती म्हणत राहिली. मी कप आणि वाटी शेजारी ठेवून तिला दाखवली. तिने वाटीत पाणी भरलं, ते कपात ओतलं, कप पुरता भरला नाही. ती रडायची थांबली. आबांनी बिघडलेली पोळी सुरीने चौकोनी कापली आणि तिचे तुकडे खायला लागले. "डोळ्यांची बर्फी," ते म्हणाले. पोरींनीही खाल्ली. दुसरं पीठ वाटीने मळलं. या खेपेला भुतं भुतांसारखी राहिली. एकाची झालर तुटली, दोघांना तीन-तीन डोळे होते, कारण धाकटीला तसे हवे होते. उरलेल्या पिठाची बोटं केली. खिडकीतल्या बियांची नखं झाली. ममी मी केल्या, कारण बटाट्याची भाजी फोडणीला टाकायची होती. फोडणी कढल्यात केली. कढलं म्हणजे कढई का, असं थोरलीने विचारलं. आबा म्हणाले, "नाही."

नवरा त्या दिवशी उशिरा आला. वेलचीचा वास दाराबाहेरपर्यंत होता. तो सरळ वर गेला.

एकतीसला थंडी होती, पण पाऊस नव्हता. धाकटी भूत झाली होती, थोरली चेटकीण. पोर्चचा दिवा लागेना. उन्हाळ्यात केव्हातरी बल्ब गेला होता आणि कोणी बदलला नव्हता. दिवा बंद असलेल्या घरी हॅलोविनला कोणी येत नाही, तो इथला नियम आहे. आबा शिडी आणायला गॅरेजकडे निघाले. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था बघता मी नको म्हणाले. ते थांबले नाहीत. गॅरेजचं दार उघडलं तेव्हा शिडी आधीच बाहेर आलेली होती. ती नवऱ्याच्या खांद्यावर होती आणि त्याच्या खिशात बल्ब होता.

त्याने बल्ब लावला. खाली उतरून आबांना म्हणाला, "दिवा मी लावला. ट्रे तुम्ही न्या. मी ट्रे नेणार नाही."

"बरं," आबा म्हणाले.

ट्रे त्यांनी नेला. शेकोटीभोवती नेहमीची माणसं होती. काहींनी सासूबाईंचं नाव घेतलं, काहींनी नुसतं उठून आबांना खुर्ची दिली. समोरच्या घरातला म्हातारा गेली अनेक वर्षं ही भुतं खात आला आहे. त्याने तीन डोळ्यांचं भूत उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं की हे नवीन मॉडेल आहे का. आबा म्हणाले, "न्यू मॅनेजमेंट." अंधार पुरता पडला तेव्हा काकू आल्या. फराळाचे रिकामे डबे न्यायला आले, असं त्यांनी सांगितलं. डबे रिकामे नव्हते. त्या आबांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी भुताला हात लावला नाही. ममी घेतली, आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

नवरा ड्राइव्हवेत आला नाही. तो आमच्या पोर्चवर बसून पोरांना चॉकलेटं वाटत होता. थोरलीने एक भूत आणि एक बोट कागदी प्लेटमधून त्याच्या शेजारी नेऊन ठेवलं आणि परत आली. मुली झोपल्यावर मी प्लेट उचलली तेव्हा भूत तसंच होतं. बोट नव्हतं.

त्या आठवड्यात दिवाळी केली नाही. आकाशकंदील लावला नाही. एकूण तीन घरांचे डबे आले.

रविवारी सकाळी आत्याचा कॉल आला. आबा टेबलाशी चहा घेत होते, उरलेली बोटं त्यांच्यापुढे बशीत होती. फोन नवऱ्याने घेतला.

"कसं रे? दिवाळी?" आत्या म्हणाली.

"केली नाही. डबे आले सगळ्यांकडून."

"शहाणा. जपून राहा. वर्ष होईपर्यंत काही करू नका."

नवरा तिथे थांबू शकला असता. तो म्हणाला, "आत्या, हॅलोविन केलं."

"म्हणजे काय केलं?"

"आई करायची ती भुतं. घरी केली. गल्लीत वाटली."

"अरे, तू शब्द दिला होतास मला."

"दिला होता. मोडला. बाबांनी नाही, मी मोडला. दिवा मी लावला."

मग आत्या म्हणाली, "दादाला दे फोन."

आबांनी मान हलवली. त्यांचं तोंड भरलेलं होतं.

"बाबा खातायत," नवरा म्हणाला.

"सकाळी सकाळी काय खातोय?"

"बोट."

स्क्रीन काळी झाली. आत्याने फोन ठेवला की लाइन तुटली, ते समजलेलं नाही. पुढच्या रविवारी तिचा कॉल आला नाही.